माझ्या वजनाइतका गूळ

वजन कमी करायच्या ऑपरेशनला निघालेल्या मुलीसाठी देवीला तिच्याच वजनाइतका गूळ बोलणारी आई जगात एकच असणार, आणि ती माझी आहे.

इंदूरच्या एका हॉस्पिटलात सकाळी सकाळी मला स्ट्रेचरवर घालून नेत होते. अंगात हिरवा गाउन, केस टोपीत कोंबलेले, आणि पोटात नुसता वणवा, कारण आधीचे पंधरा दिवस ताक, सूप आणि प्रोटीनची पावडर यापलीकडे मला काही मिळालं नव्हतं. लिफ्टपाशी आईनं स्ट्रेचरची दांडी धरली. वॉर्डबॉय म्हणाला, "माताजी, छोड़ दो, लिफ्ट रुकी है." आईनं सोडली नाही. डोळे मिटून ती पुटपुटली. आमच्या आईचं पुटपुटणं चार खाटांपलीकडच्या पेशंटलाही ऐकू जातं.

"आई गं, माझी लेक सगळीच्या सगळी परत आण. तुझ्यापुढे हिच्या वजनाइतका गूळ तोलीन."

आमची देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची. टेकडीवर दोघी बहिणी आहेत, थोरली आणि धाकटी. आई नवस बोलताना कोणा एकीचं नाव घेत नाही, उगाच रुसवाफुगवा नको म्हणून.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा मला आधी आकड्यांत कळते. त्या दिवशी माझं वजन एकशे सव्वीस किलो होतं. म्हणजे एकशे सव्वीस किलो गूळ. आणि ज्या बाईला उद्यापासून गुळाचा खडाही वर्ज्य, तिच्या नावानं. शिवाय ते 'सगळीच्या सगळी' ऐकून मला भीतीतही हसू फुटलं. डॉक्टर माझ्या पोटाचा मोठा भाग कापून काढणार होते आणि त्यानंतर मी उतरत जावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. आईनं देवीकडे नेमकं त्याच्या उलट मागितलं होतं.

लिफ्टचं दार लागलं तेव्हा ती दाराच्या फटीतून मला बघत होती.

तुला, म्हणजे तोलणं, ही आमच्या घराण्यातली जुनी गोष्ट. आमचे पूर्वज मराठा सरदारांबरोबर माळव्यात आले. तलवारी केव्हाच गेल्या, जहागिरी गेल्या, पोरांना मराठी वाचताना आता घाम फुटतो, पण कोणी मोठ्या दुखण्यातून उठलं की त्याला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ घालायचा, तो देवीला दाखवायचा आणि गावभर वाटायचा, हे मात्र चालू आहे. माझा धाकटा भाऊ हिवतापातून उठला तेव्हा त्याची तुला झाली होती. काडीपैलवान होता. पाच मिनिटांत आटोपलं.

माझी झाली ती मी सहा वर्षांची असताना, टायफॉइडनंतर. आजारानं पोरगी वाळली असेल या अंदाजानं बाबांनी गूळ आणला. पण टायफॉइड उतरल्यापासून तुलेच्या मुहूर्तापर्यंत आईनं मला डिंकाचे लाडू, शिरा आणि साय यांवर ठेवलं होतं, हे बाबांच्या हिशेबात नव्हतं. मला पारड्यात बसवलं. समोर गूळ पडत गेला. गूळ संपला. माझं पारडं जमिनीला टेकलेलं ते टेकलेलंच. एकाला बाजारात पिटाळलं, तो आणखी गूळ घेऊन येईपर्यंत मी तशीच बसून होते आणि देवास-धारचे यच्चयावत नातेवाईक मला बघत होते. धारच्या मामानं विचारलं, "अगं, नक्की आजारी कोण होतं? ही का गूळ?"

सगळे हसले. मीही हसले, कारण सहाव्या वर्षी माणूस सगळे हसले की हसतं. अर्थ पुढे कळला, आणि तेव्हापासून चारचौघांत मी कुठल्याही काट्यावर पाय ठेवला नाही. जत्रेतल्या दिव्यांच्या वजनकाट्यावर नाही, मैत्रिणीच्या घरी बाथरूमच्या काट्यावरही नाही. दवाखान्यात नाइलाज असायचा, तिथे मी भिंतीकडे बघत उभी राहायची आणि नर्सला सांगायची, आकडा मनात वाचा. मामा माणूस म्हणून फार चांगला. पण त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

ऑपरेशनचा निर्णय मात्र माझा. गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती, शाळेचा जिना चढून वर्गात गेलं की फळ्याला पाठ टेकून आधी श्वास गोळा करायचा आणि मग समीकरण सुरू करायचं. बाबा माझ्याच अंगकाठीचे होते. त्यांना पन्नाशी दिसली नाही. मी पंचेचाळिशीला पोचले आणि मला भीती वाटायला लागली, साधी सरळ मरायची भीती. आई म्हणाली, "पोट कापून कोणी बारीक होतं का? रोज टेकडीला पायी प्रदक्षिणा घाल." मी म्हटलं, "आई, पहिल्याच प्रदक्षिणेत मी देवीपाशी पोचेन, आणि परत येणार नाही." दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलच्या पिशवीत माझी सतरंजी घालायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी हातानं दाखवलं, आधी पोट एवढी पिशवी होती, आता एका केळ्याएवढी नळी उरली आहे. आईनं ते ऐकलं आणि विचारलं, "उरलेलं कुठे ठेवलंत?" डॉक्टरांना वाटलं ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती.

घरी आल्यावर आमचं नवं आयुष्य सुरू झालं. आधी सगळं पातळ, मग सगळं गिचका, मग मऊ, मग बाळाला भरवतात तसा एकेक नवा पदार्थ. जेवताना पाणी नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आधी पनीर, डाळ, अंडं. भात-पोळीची पाळी शेवटी, आणि पाळी येईपर्यंत पोट भरून गेलेलं. प्रत्येक घास इतका चावायचा की त्यातली चवसुद्धा कंटाळून निघून जाते. गोळ्या आयुष्यभर. रोज चालायचं.

पहिल्या दिवशी आईनं माझ्यापुढे नेहमीचं ताट वाढलं आणि मध्यभागी दोन चमचे मुगाची पातळ डाळ घातली. मोठ्या मैदानात एक पोर हरवावं तसं ते दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं ताट उचललं, देवघरात गेली आणि नैवेद्याची वाटी घेऊन आली. इवलीशी, काठाला चेमटलेली चांदीची वाटी.

"देवाएवढंच जेवतेस, तर देवाच्याच वाटीत जेव."

"आणि देव?"

"त्याला स्टीलची चालेल. तो कुठे खातो?"

त्या दिवसापासून मी देवाच्या वाटीत जेवते. फरक इतकाच की देव नैवेद्य जसाच्या तसा परत देतो, मला तो खरोखर संपवावा लागतो, आणि पहिल्या महिन्यात तेवढा संपवायलाही माझा घाम निघायचा.

देवासमध्ये राहून हे सगळं करणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला विचारा. सकाळी घराबाहेर पडलं की कोपऱ्यावर पोहे वाफेवर तयार, वर शेव, बाजूला जिलबी. थंडीत गराडूचा कंद तळल्याचा वास गल्लीगल्लीत. आणि कचोरी. पाचव्या महिन्यात स्टाफरूममध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाची कचोरी आली आणि माझी बुद्धी फिरली. एक घास, तोही घाईघाईत, तास चुकेल म्हणून. तो घास छातीच्या मधोमध येऊन बसला आणि हलेना. तोंडाला फेसासारखं पाणी सुटलं. सातवी ब मध्ये जाऊन मी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं, "करो" म्हटलं आणि बाथरूममध्ये धावले. परत आले तेव्हा सगळ्या वर्गाचं उत्तर चुकलेलं होतं, कारण उदाहरणच मी चुकीचं लिहिलं होतं.

गोडाचं तर विचारूच नका. धारला भावाकडे गेले होते, वहिनीनं पुरणपोळी केली होती, मी म्हटलं अर्धी चतकोर तर खाऊ. दहा मिनिटांत छातीत धडधड, हातपाय गार, अंगाला दरदरून घाम. मी दिवाणावर आडवी. भाऊ पंखा घालतोय, वहिनी रडकुंडीला येऊन विचारतेय, "ताई, तूप नव्हतं का चांगलं?" मला बोलवेना. तूप उत्तम होतं गं, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. नव्या पोटाला गोड झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण वहिनीनं अजून मला माफ केलेलं नाही असा मला संशय आहे.

वजन उतरत गेलं. केसही उतरले, मूठमूठ. पंजाबी ड्रेसांना चिमटे घ्यावे लागले, मग ते चिमटेही पुरेनात. जाडी होते तेव्हा जो तो मला न खाण्याचे सल्ले देत होता, आता तीच माणसं खाण्याचे देत होती. एका पालकानं पालकसभेत खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, कोई बीमारी तो नहीं ना?" मी म्हटलं, "थी, अब ठीक हो रही है."

या सगळ्यात आई एकच प्रश्न विचारत होती. तुला कधी?

आधी मी सांगितलं, टाके ओले आहेत. मग सांगितलं, उन्हाळा आहे, गूळ वितळेल. मग परीक्षा, मग पेपर तपासणी, मग नवं सत्र. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही. मला त्या पारड्यात बसायचं नव्हतं. सगळे नातेवाईक गोळा होणार, समोर गूळ पडत जाणार आणि माझं पारडं जमिनीला टेकलेलं राहणार, हे चित्र चाळीस वर्षं माझ्या डोक्यात तसंच होतं. आत्ता नको, अजून दहा किलो उतरू दे, मग बसू. दहा उतरले की, अजून दहा.

मधे कधीतरी आईनं चहात साखर घालणं बंद केलं. मला वाटलं, माझ्यासाठी करतेय, सोबत म्हणून. मला कौतुक वाटलं, मी शाळेत चार जणींना सांगितलंही. सणावारी गोडाचं ताट पुढे आलं की ती म्हणायची, "मला नको, दात दुखतोय." ज्या बाईनं आयुष्यभर आमटीत गूळ, भाजीत गूळ आणि जेवण झाल्यावर वर गुळाचा खडा खाल्ला, तिचा दात वर्षभर दुखत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तीही उतरत गेली. तिचे ब्लाउज ढगळे झाले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ऑपरेशन एकीचं झालं होतं आणि घरात वाळत दोघी होत्या.

एका सकाळी ती अंगणात तुळशीला पाणी घालता घालता मटकन खाली बसली. मी धावले. चक्कर आली होती. मी सवयीनं गुळाचा खडा आणला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"खा गं."

तिनं मान हलवली.

"का पण?"

"तुझी तुला झाल्याशिवाय गोड खाणार नाही म्हणून बोललेय."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. मला राग आला. तिचा राग, माझा राग, देवीचाही थोडा. "हे कधी ठरवलंस तू?"

"तू टाळायला लागलीस तेव्हा. नवस राहिला तर देवी दिलेलं परत मागते गं. मी तिला शब्द दिलाय. उद्या तुला काही झालं तर मी कोणाला विचारू?"

वर्षभर ही बाई रोज सकाळी फिका चहा पिताना हीच भीती गिळत होती. आणि मी किलो मोजत होते. मी म्हटलं, "मंगळवार बघ कुठला चांगला आहे ते." तिनं कॅलेंडर बघितलंच नाही. तारीख तिच्या तोंडात तयार होती.

भावाला फोन केला. त्याचं धारला शेतीच्या पंपांचं दुकान आहे आणि प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय असतो. "ताई, तू टेन्शन नको घेऊ. मंडीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे, अपना भिया बसतो तिथे. तू उभी राहिली की आकडा आला, तेवढा गूळ घेतला, खतम. दोन मिनट."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "देवीला काय आकडा वाचून दाखवायचाय? पारडं पाहिजे. दोन पारडी. समोरासमोर. सगळ्यांना दिसली पाहिजेत."

सगळ्यांना. मी डोळे मिटले.

माणूस बसेल असं पारडं आता मिळतं कुठे? देवासमध्ये कोणाकडे नव्हतं. शेवटी भावाला धारमधल्या एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, सापडलं. आईनं मला बघायला पाठवलं, कारण भावाच्या 'एकदम मस्त आहे' वर तिचा विश्वास नाही. टालीच्या मागच्या पत्र्याखाली तो तराजू टांगलेला होता. साखळ्या माझ्या मनगटाएवढ्या, पारडी लाकडी, पाटाच्या चौपट. गॅस घरोघर आला तसं जळाऊ लाकूड कमी झालं आणि तराजूवर कोळ्यांनी संसार मांडला. टालीवाले काका म्हणाले, "बेनजी, बैठ के देख लो. मजबूत है. इस पे तो भैंस का पाड़ा भी तुला है."

भाऊ खोकला. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, आपल्या तराजूचा अभिमान होता बिचाऱ्यांना. मी म्हटलं, "नहीं, भरोसा है." आणि बसले नाही.

मंगळवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी एका धर्मशाळेच्या आवारात आमची सगळी मंडळी जमली. कडुलिंबाच्या जाड फांदीला तराजू टांगला होता, पारडी धुऊन हळदीकुंकू लावलेलं. गुरुजी आले. मामाही आला होता, काठी टेकत, ऐंशी पार केलेला, आणि त्याला पुढची खुर्ची दिली होती. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. भावानं गाडीतून गूळ उतरवायला सुरुवात केली. भेल्यांवर भेल्या. किलोकिलोच्या भेल्या, अर्ध्या किलोच्या भेल्या, ओट्यावर त्यांची भिंतच उभी राहिली. माझं त्या आठवड्यातलं वजन चौऱ्याऐंशी होतं. हा गूळ चौऱ्याऐंशी नव्हता, हे गणिताच्या बाईला नुसतं बघून कळत होतं.

"हे किती आणून राहिला तू?" मी भावाला विचारलं. त्याच्याशी बोलताना माझंही मराठी त्याच्यासारखं होतं.

"आईनं सांगितला तेवढा. एकशे सव्वीस."

मी आईकडे बघितलं. ती गुरुजींना कापूर देत होती.

मी पारड्यात बसले. मांडी घालून, साखळी दोन्ही हातांनी धरून. पोटात तीच सहा वर्षांची मुलगी. पलीकडे भेल्या पडायला लागल्या. लाकूड कुरकुरलं. मी खाली बघत होते. आता सगळे बघत असतील. आता कोणीतरी बोलेल. मग माझ्याखाली काहीतरी हललं. पारडं जमिनीवरून सुटलं होतं. आणखी चार भेल्या पडल्या आणि मी चक्क हवेत. जमीन खाली, मी वर, झोक्यावर बसल्यासारखी. समोर गुळाची ओळ अजून बरीच शिल्लक.

मामा खुर्चीतून ओरडला, "अरे बस करा रे! उडून जाईल पोरगी!"

सगळे हसले. तेच हसणं, तीच माणसं, त्यांतली बरीचशी म्हातारी झालेली. आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. मला इतकं हसू येत होतं की साखळी खळखळ वाजायला लागली. चाळीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते हेच होतं? मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी टाके ओले असतानाच येऊन बसले असते.

भावानं एकेक भेली कमीजास्त करत दोन्ही पारडी समोरासमोर आणली. गुरुजी म्हणाले, "झाली तुला. आजचं वजन तेच खरं वजन. काकू, नैवेद्य दाखवू ना?"

"थांबा," आई म्हणाली. "गूळ उरलाय."

"तो असाच वाटू या."

"नाही गुरुजी. मी बोलले तेव्हा ही एवढी नव्हती. सगळीच्या सगळी परत आण म्हणाले होते. सगळीचा गूळ तोलायचाय. देवीला मी अर्धवट गोष्ट देणार नाही."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी हवेतून खांदे उडवले. आईनं स्वतः उरलेल्या भेल्या पारड्यात टाकायला सुरुवात केली, आणि मी वर वर जायला लागले. शेवटच्या भेलीला माझं डोकं कडुलिंबाच्या पाल्यात होतं.

"आई, ही आता खाली कशी यायची?" भाऊ म्हणाला. "हिच्या पारड्यात काहीतरी टाकायला पाहिजे ना. गव्हाचं पोतं आणू? नाहीतर हे दगड आहेत इथे."

"माझ्या मुलीच्या ठिकाणी दगड तोलतोस?"

"मग काय टाकू?"

आईनं पदर खोचला. चपला काढल्या. "मला टाक."

सगळे एकदम बोलायला लागले. गुरुजी म्हणाले, असं कुठे लिहिलेलं नाही. आई म्हणाली, असं करू नये असं तरी कुठे लिहिलंय? "हिचं वजन सगळ्यात आधी मीच उचललंय, गुरुजी. नऊ महिने. तेव्हा कोणी तराजू आणला नव्हता. हिचं जे गेलं ते माझं धरा."

भाऊ पुढे झाला, उडी मारून त्यानं माझ्या पारड्याच्या साखळ्या धरल्या आणि लोंबकळून ते खाली आणलं. वहिनीनं आईला हात दिला. आई पारड्यात चढली, क्षणभर गोंधळली, आणि मग लहान मूल बसतं तशी माझ्या मांडीवर बसली. वर्षापूर्वी माझ्या मांडीवर कोणी बसूच शकलं नसतं, तिथे आधी माझं पोटच बसलेलं असायचं.

भावानं साखळी सोडली.

पारडं डुललं, खाली गेलं, वर आलं. किंचित आमच्या बाजूला झुकलं. आईनं कमरेचा बटवा काढून वहिनीकडे फेकला. मग ते थांबलं. समोर गूळ आणि इकडे आम्ही दोघी, अगदी एका पातळीत. माझ्या डोक्यानं आपोआप वजाबाकी केली. मी सव्वा वर्षात जेवढी कमी झाले होते तेवढी माझी अख्खी आई होती. बेचाळीस किलो. तिची हाडं माझ्या मांडीला टोचत होती. केवढीशी झाली होती ती, आणि मला दिसलं नव्हतं.

आईनं टेकडीकडे तोंड केलं. या वेळी ती पुटपुटली नाही, चांगली मोठ्यानं बोलली.

"घे बाई. बघून घे. सगळीच्या सगळी आणलीय."

गुरुजींनी टेकडीच्या दिशेनं पाणी फिरवून नैवेद्य दाखवला. भावानं एक भेली फोडली आणि खडा आईच्या हातावर ठेवला. "उतर आता, खाली बसून खा," तो म्हणाला.

"उतरते. एवढं खाऊ दे."

तिनं खडा तोंडात टाकला. वर्षभरानंतर. पाठीनं ती मला टेकली होती, त्यामुळे तिचा जबडा हलत होता ते मला माझ्या गालाला कळत होतं. घाईघाईनं चावत होती, लहान पोरासारखी, कोणी काढून घेईल की काय अशी.

"हळू," मी म्हटलं. "नीट चावून खा. आपल्याला कुठे जायचंय?"

भावानं दोनदा हात पुढे केला. मी तिला उतरू दिलं नाही.